पारा, डायल की डिजिटल? बीपीच्या तीन मशीनांची परीक्षा

घरात ठेवायला बीपीचं मशीन घ्यायचं असेल तर दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल घ्या, दुकानात जाण्याआधी दंडाचा घेर मोजून घ्या आणि मनगटाचं मशीन कितीही सोयीचं वाटलं तरी घेऊ नका. काउंटरसमोर उभं राहून फोनवर हे वाचत असाल तर निकाल एवढाच आहे. बाकीचं सगळं त्यामागचं कारण आहे. ते कळलं नाही तर चांगलं मशीनही चुकीचे आकडे देत राहतं आणि त्या आकड्यांवर गोळ्या वाढतात.

सोलापुरात सिव्हिलच्या आसपास किंवा नवी पेठेत सर्जिकलच्या दुकानात चौकशी केली की तीन जातींची नावं निघतात. उभ्या काचेच्या नळीचं पाऱ्याचं, गोल काट्याचं डायलचं आणि बटण दाबलं की आकडे दाखवणारं डिजिटल. तिन्ही एकच गोष्ट मोजतात असं आपण धरून चालतो, पण तसं नाही. पारा आणि डायल फक्त पट्ट्यातल्या हवेचा दाब दाखवतात, बीपी किती हे ऐकणाऱ्याच्या कानाने ठरतं. डिजिटलमध्ये ऐकणारं कोणी नसतं. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं आणि त्यावरून वरचा आणि खालचा आकडा हिशेबाने काढतं. प्रत्येक मशीनची एक खोड आहे आणि ती त्याच्या जन्मापासूनची आहे.

पाऱ्यापासून सुरुवात करू. बीपी ‘मिलिमीटर पारा’ या मापात का सांगतात? 1733 मध्ये स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्याने एका घोडीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी बसवून त्याने तिला उभी काचेची नळी जोडली होती, आणि रक्त 8 फूट 3 इंच वर चढलं होतं. म्हणजे अडीच मीटर. एवढं उंच यंत्र कोण वापरणार? 1828 मध्ये पॅरिसच्या ज्याँ लुई प्वाझय यांनी वाकवलेल्या नळीत पारा भरला. पारा रक्ताच्या जवळपास 13 पट जड, त्यामुळे हेल्सचे अडीच मीटर 195 मिलिमीटरच्या आसपास मावतात. टेबलावर ठेवता येईल असं यंत्र इथून शक्य झालं आणि माप तेव्हापासून तेच राहिलं.

पाऱ्याचा मोठा गुण असा की त्यात स्प्रिंग नाही, दातेरी चाक नाही, फक्त वजन आहे. वजन थकत नाही. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हाचाही त्याच्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. 20 अंशांऐवजी 40 अंशांत मोजलं तर 150 च्या आकड्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तेवढा डोळ्याला दिसतही नाही. बिघडतं ते आजूबाजूचं. नळीच्या वरच्या टोकाला चामड्याची पातळ चकती असते. तिच्यातून हवा जाते, पारा जात नाही. ही चकती धुळीने बुजली की हवा सोडल्यावर पारा रेंगाळत खाली येतो आणि वरचा आकडा जास्त वाचला जातो. पाऱ्याचा पृष्ठभाग काळा पडून काचेला डाग धरला की रेघ नीट दिसत नाही. पट्टा मोकळा असताना पारा बरोबर शून्यावर नसेल तर तो कमी झाला आहे, आणि तेवढीच चूक प्रत्येक मोजणीत येणार. शिवाय मशीन कलतं ठेवलं तर आकडा वाढतो, कारण तिरक्या नळीत तेवढ्याच उंचीसाठी पारा जास्त लांब सरकतो.

इतकं असूनही नवीन घेताना पारा नको, घरासाठी तर नकोच. एका मशीनमध्ये साधारण 80 ते 100 ग्रॅम पारा असतो. नळी फुटली तर त्याचे मणी फरशीच्या सांध्यात शिरतात आणि महिनोन्महिने वाफ सोडत राहतात. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी देशादेशांत झालेल्या 2013 च्या मिनामाता करारात पाऱ्याची बीपी मशीनं बंद करण्याच्या यादीत आली. भारताने 2018 मध्ये करार मंजूर केला आणि पाऱ्याच्या वस्तूंसाठी 2025 पर्यंतची सवलत घेतली. जुन्या घरात असं मशीन पडून असेल तर ते घंटागाडीत टाकू नका. भंगारातही देऊ नका. नळीखालची पाऱ्याची चावी बंद करा, पेटी उभी ठेवून टेपने गुंडाळा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापुरातल्या कार्यालयात ते कुणाकडे सोपवायचं ते विचारा. पारा सांडलाच तर केरसुणी आणि व्हॅक्युम दोन्ही लांब ठेवा, त्याने तो बारीक होऊन पसरतो. आधी हातातली सोन्याची अंगठी काढा, कारण सोनं पाऱ्याला लगेच धरतं. खिडक्या उघडा, दोन पुठ्ठ्यांनी मणी एकत्र लोटा, ड्रॉपरने उचला आणि झाकणाच्या बाटलीत बंद करा.

आता पट्टा. या लिखाणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण तिन्ही मशीनांत तो सारखाच आहे आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात.

1881 मध्ये व्हिएन्नात सॅम्युएल फॉन बाश यांनी पाण्याने भरलेली रबरी गोळी मनगटाच्या नाडीवर दाबून त्वचा न कापता दाब मोजला. पण नेम चुकला की आकडा चुकायचा. 1896 मध्ये तुरीनच्या शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी दंडाभोवती सगळीकडून दाब देणारा पट्टा बांधला आणि नाडीचा नेम धरण्याचा प्रश्नच संपवला. पट्ट्यासाठी त्यांनी सायकलची ट्यूब वापरली. आज आपण बांधतो तो पट्टा तिचाच वारस आहे. त्या ट्यूबची रुंदी जेमतेम 5 सेंटिमीटर होती आणि चूक तिथे होती. अरुंद पट्ट्याचा दाब दंडाच्या आतपर्यंत पूर्ण पोचत नाही. धमनी खोलवर असते, ती मिटवायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटा वाढतो. 1901 मध्ये हाइनरिख फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी हे दाखवून पट्टा 12-13 सेंटिमीटर रुंद केला. दुकानातल्या साध्या पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी आजही तेवढीच असते.

मात्र 12-13 सेंटिमीटर सगळ्यांना पुरत नाहीत. नियम असा आहे की आतल्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान 40 टक्के आणि लांबी निदान 80 टक्के असावी. साधा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडाला चालतो. त्यापुढे 42 पर्यंत मोठा पट्टा लागतो. काही डिजिटल मशीनांबरोबर 22 ते 42 असा एकच रुंद पट्टा येतो, घरात बारीक आणि जाड दोन्ही माणसं असतील तर तो बरा. जाड दंडाला साधा पट्टा बांधला तर किती फरक पडतो, हे 2023 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मोजलं गेलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांना साधा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी 4.8 ने जास्त आला. अतिमोठा लागणाऱ्यांना साधा बांधल्यावर तो 19.5 ने जास्त आला. म्हणजे 125 चं बीपी 145 दिसणार आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होणार.

दंड मोजणं सोपं आहे. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर शिंप्याची टेप लावा, हात सैल सोडा, टेप टेकेल एवढीच ओढा. तो आकडा कागदावर लिहून दुकानात न्या. पट्ट्यावर एक बाण आणि दोन समांतर रेघा छापलेल्या असतात. पट्टा बांधल्यावर बाणाचं टोक त्या दोन रेघांच्या मध्ये आलं पाहिजे. बाहेर गेलं तर तो पट्टा त्या दंडाचा नाही, मग वेल्क्रो कितीही घट्ट बसो. हे दुकानातच बांधून पाहा. पेटी उघडून पट्टा बांधू देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

रिव्हा-रोच्ची यांच्या पद्धतीत नाडी बोटाने चाचपायची, त्यामुळे फक्त वरचा आकडा मिळायचा. खालचा आकडा 1905 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीतल्या निकोलाय कोरोत्कोव्ह या सर्जनमुळे आला. पट्ट्याच्या खाली धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून हवा सोडत गेलं की आवाज सुरू होतो तो वरचा आकडा आणि आवाज नाहीसा होतो तो खालचा, हे त्यांनी एका पानापेक्षा कमी मजकुरात मांडलं. पारा किंवा डायल वापरताना आजही हीच पद्धत आहे. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरायची, नाडी बंद झाली की आणखी 30 मिलिमीटर वर जायचं आणि मग सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर इतक्या हळू हवा सोडायची. नाडी न धरता अंदाजाने 150 पर्यंतच हवा भरली तर एक फसगत होते. काही जणांत आवाज मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्या मधल्या शांततेत हवा थांबवली की 180 च्या माणसाचं बीपी 140 निघतं. उलट हवा भसकन सोडली तर पहिला आवाज हुकतो आणि वरचा आकडा कमी येतो.

हे काम शांत खोलीतच होतं. पूर्व भागात शेजारी माग खडखडत असताना ते मंद आवाज ऐकणं मुश्कील, तिथे स्टेथोस्कोपवर भरवसा ठेवू नका.

डायलचं मशीन हलकं, स्वस्त आणि पिशवीत मावणारं. आशाताई किंवा फिरतीवरच्या नर्सला तेच परवडतं. आत नागमोडी पत्र्याची पोकळ डबी असते, हवेने ती फुगते आणि दातेरी चाकातून काटा फिरवते. ही कल्पना फ्रान्सच्या ल्युसियाँ व्हिदी यांच्या 1844 च्या वायुभारमापकातून आलेली. पत्रा म्हणजे स्प्रिंगच, आणि स्प्रिंग थकते. टेबलावरून एकदा पडलं की चाकाचा दात सरकतो आणि आकडा घसरू शकतो, पण बाहेरून मशीन ठणठणीत दिसतं. काटा शून्याच्या चौकोनात आहे म्हणून मशीन बरोबर आहे असं समजू नका. शून्यावर बरोबर आणि 150 वर चुकीचं असं डायल सर्रास सापडतं. काही डायलांत शून्यापाशी बारीक खिळी असते, काटा तिला टेकून थांबतो. अशा डायलमध्ये काटा मुळात शून्याच्या खाली गेला असला तरी कळत नाही. घेताना खिळी नसलेलं निवडा.

घरच्या घरी गळती अशी तपासा. पट्टा एखाद्या घट्ट डब्याभोवती किंवा जाड बाटलीभोवती गुंडाळा आणि 200 पर्यंत हवा भरून स्क्रू बंद करा. पहिला अर्धा मिनिट सोडून द्या, कारण रबर ताणल्याने थोडी घसरण होतेच. पुढच्या एका मिनिटात काटा 4 मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला तर हवा गळते आहे. कुठून गळते ते शोधायला हाताने दाबायच्या फुग्याकडे जाणारी नळी चिमटीत घट्ट दाबा. घसरण थांबली तर दोष फुग्यात किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. नाही थांबली तर पट्टा, त्याची नळी किंवा डायल. सोलापुरात व्हॉल्व्हचं दुखणं बरंच दिसतं, कारण फुग्याच्या मागच्या भोकातून सुताची धूळ आत ओढली जाते आणि चेंडूसारखी छोटी झडप नीट टेकत नाही. व्हॉल्व्ह उघडून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. तेल लावू नका, तेलाने रबर सुजतं. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या फुग्याला दुमडीवर बारीक भेगा पडतात. फुगा आणि पिशवी सुटी मिळतात, त्यासाठी सगळं मशीन टाकायची गरज नाही.

डायल वर्षातून एकदा तपासून घ्या, रोज वापर असेल तर सहा महिन्यांनी. ‘टी’च्या आकाराच्या जोडणीने ते प्रमाणित मीटरला जोडतात आणि 200, 150, 100, 50 असं उतरत जात दोन्हींचे आकडे लिहितात. कुठेही 3 पेक्षा जास्त फरक आला तर दुरुस्ती हवी. नुसतं ‘चेक करून दिलं’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, चार आकड्यांचा कागद मागा.

डिजिटलची मूळ कल्पना नवी नाही. पट्ट्यातला दाब धमनीच्या ठोक्याबरोबर थरथरतो हे फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे यांनी 1876 मध्ये दाखवलं होतं. 1976 मध्ये अमेरिकेत आलेल्या डायनामॅपने ते स्वयंचलित केलं, आणि सुरुवातीला हे यंत्र फक्त सरासरी दाब दाखवायचं. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. थरथर सगळ्यात मोठी असते तिथला दाब हा धमनीतला सरासरी दाब, आणि तेवढाच या पद्धतीत थेट मोजला जातो. वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या गणिताने निघतो. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं असल्यामुळे दोन कंपन्यांची मशीनं एकाच दंडावर थोडाफार फरक दाखवतात. त्यात मशीन बिघडलंच आहे असं नाही.

म्हणूनच नावापेक्षा चाचणी बघा. मॉडेल आंतरराष्ट्रीय नियमाने तपासलेलं आहे का, हे तपासलेल्या मशीनांची यादी ठेवणाऱ्या स्ट्राइड बीपी या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून कळतं. त्या नियमात निदान 85 माणसांवर मोजून सरासरी चूक 5 च्या आत आणि विखुरणी (चुका सरासरीपासून किती पसरल्या आहेत ते) 8 च्या आत यावी लागते. आपल्याकडे 2021 पासून ही मशीनं औषध कायद्याखाली आली आहेत, त्यामुळे पेटीवर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक हवा. दंडाचं चांगलं मशीन साधारण दीड ते तीन हजारांत येतं. ब्लूटूथ आणि बोलणाऱ्या आवाजासाठी जास्त पैसे घालण्यापेक्षा ते मोठ्या पट्ट्यावर घाला. बोलणारं मशीन घ्यायचं ते ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी.

डिजिटलच्या तक्रारींत ‘एरर’ सगळ्यात वर. बहुतेक वेळा कारण साधं असतं. शर्टाची बाही गुंडाळून दंड आवळला आहे, बोलणं चालू आहे, हवेच्या नळीची पिन अर्धवट बसली आहे किंवा सेल उतरले आहेत. चार्जिंगचे सेल 1.2 व्होल्टचे असतात, साधे अल्कलाइन 1.5 चे. चार सेलमध्ये हा फरक मोटरला जाणवतो, म्हणून अल्कलाइनच घाला, आणि महिनाभर वापर नसेल तर काढून ठेवा. उन्हात सेल पाझरून पत्र्या हिरव्या पडतात. मॅन्युअलमध्ये वापराचं तापमान बहुधा 10 ते 40 अंश लिहिलेलं असतं. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत पारा दुपारी 40 च्या वर जातो, तेव्हा मोजणी सकाळीच करा. नाडीचे ठोके अनियमित असतील तर हे गणित डळमळतं. तिथे लागोपाठ तीनदा मोजून सरासरी काढा आणि डॉक्टरांना अनियमिततेची खूण दाखवा. माग चालू असताना टेबल थरथरतं तिथेही मोजू नका, मशीन ती थरथर रक्ताची समजतं.

मनगटाच्या मशीनला नाही म्हणण्याचं कारण हेल्सच्या नळीतच आहे. रक्ताच्या 10 सेंटिमीटर उंचीचा दाब जवळपास 8 मिलिमीटर पाऱ्याइतका होतो. मनगट छातीपासून एक वीतभर खाली राहिलं की 15 चा फरक झाला. दंडाला पट्टा बांधला तरी हा नियम लागू आहेच. 2024 मधल्या एका अभ्यासात हात टेबलावर न ठेवता मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे 4 ने आणि बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहाने जास्त आला. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, हाताखाली उशी घेऊन पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला आणा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या 2-3 सेंटिमीटर वर असू द्या.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी, पाच मिनिटं गप्प बसून एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. संध्याकाळीही तसंच. चहा, तंबाखू किंवा मिश्री अर्धा तास आधी बंद. असे सात दिवस लिहा, पहिला दिवस सोडा आणि बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. घरच्या मोजणीत 135/85 ही हद्द धरतात, दवाखान्यातली 140/90 नव्हे. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त तोच पुढे कायम वापरा.

नवीन मशीन घेतल्यावर एकदा ते दवाखान्यात न्या. एकाच हातावर तुमचं, त्यांचं, पुन्हा तुमचं असं आलटून पालटून मोजायला सांगा. फरक 5 च्या आत असेल तर वापरा, 10 च्या वर असेल तर बदलून मागा. मधला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. बिल आणि गॅरंटी कार्डावर तारखेसह दुकानाचा शिक्का घ्या. पट्ट्याचं वेल्क्रो दोन-तीन वर्षांत सैल होतं आणि हवा भरताना चर्रकन सुटायला लागतं. तेव्हा नुसता पट्टा मागायला जाताना मशीनच्या तळाचा मॉडेल नंबर आणि हवेच्या पिनचा फोटो घेऊन जा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांची जाडी वेगळी असते आणि दुसऱ्या कंपनीचा पट्टा बसला तरी त्या मशीनचं गणित त्याच्यासाठी केलेलं नसतं.